विषाणुनाशक अर्क आणि विषाणुरोधी औषध

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने ९९ टक्के विषाणू मारले, म्हणजे हे विषाणुरोधी औषध आहे.’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की त्यातल्या ‘म्हणजे’पाशी आता मी अडतोच. सगळा घोटाळा त्या एका शब्दात आहे.

विषाणुनाशक म्हणजे काय, हे साबणामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. शरीराबाहेरच्या विषाणूचं मेदाचं आवरण फोडायचं किंवा त्याची प्रथिनं बिघडवायची. अल्कोहोल आणि ब्लीच याच गटातले. यावर अधिक लिहीत नाही.

विषाणुरोधी औषधाचं काम अवघड असतं. विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो, त्यामुळे पेशीला धक्का न लावता ती वाढ थांबवावी लागते. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या एका विषाणुजन्य आजारावरचं औषध. ते हर्पिसच्या मोकळ्या विषाणूंवर नळीत ओतलं, तर त्यांना काहीही होत नाही. बाधित पेशीत मात्र विषाणूचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडून कामाला लावतं आणि विषाणूच्या डीएनएची साखळी तिथेच खुंटते. साबणाच्या कसोटीवर हे औषध साफ नापास होईल, तरी हर्पिसवर पहिली निवड तेच.

म्हणून अर्काबद्दलचा कुठलाही दावा दिसला की मी आधी प्रयोगाची कृती वाचतो. तिथे एकच गोष्ट बघायची: अर्क कधी घातला? अर्क आणि विषाणू तासभर एकत्र ठेवून ते मिश्रण पेशींवर ओतलं असेल, तर त्यातून एवढंच कळतं की अर्काने मोकळ्या विषाणूला निकामी केलं. पेशींना आधी संसर्ग होऊ दिला, आत न शिरलेले विषाणू धुऊन टाकले आणि मग अर्क घातला, तर आतल्या वाढीबद्दल काही बोलता येतं. पहिल्या प्रयोगात चमकणारे कितीतरी अर्क दुसऱ्यात काहीच करत नाहीत. टॅनिनचंच बघा, म्हणजे साली-फळांतल्या तुरट पदार्थाचं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. हिरडा आणि बाभळीची साल कातडं कमावायला वापरतात ते याच गुणामुळे. नळीत समोर विषाणू असतो, म्हणून ते त्याला चिकटतं. पोटात गेल्यावर ते लाळेतल्या आणि अन्नातल्या प्रथिनांना चिकटतं, आणि रक्तात पोचतं फार थोडं.

दुसऱ्या प्रयोगातही एक फसगत आहे. पेशीच मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? दाट अर्क पेशींना मारतो, विषाणूंची संख्या घसरते आणि निष्कर्ष छापून येतो. म्हणून दोन मात्रा मोजाव्याच लागतात: निम्म्या पेशी मारणारी आणि विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारी. पहिलीला दुसरीने भागून येणारा आकडा सहसा १० च्या वर असला, तर पुढे जाण्यात अर्थ. हा आकडा न देणारा शोधनिबंध मी तिथेच मिटतो, आणि तुम्हीही मिटावा.

ते ‘९९ टक्के’ही सोडा. १० लाख विषाणूंतले ९९ टक्के गेले तरी १० हजार उरतात. युरोपात जंतुनाशकाला विषाणुनाशक म्हणवून घ्यायला ९९.९९ टक्के घट दाखवावी लागते.

चक्रफुलातच फ्लूचं औषध असतं, हा गोंधळही थोडक्यात: ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध बनवायला त्यातलं शिकिमिक आम्ल वापरतात, पण ते निव्वळ कच्चा माल आहे. फ्लूच्या विषाणूला अडवणारा रेणू कारखान्यातल्या अनेक रासायनिक पायऱ्यांनंतर तयार होतो.

विषाणुनाशक असणं कमी प्रतीचं आहे, असं मुळीच नाही. त्वचेवर, पृष्ठभागांवर तोच गुण हवा असतो. आणि वनस्पतींच्या अर्काला औषध म्हणून मान्यता मिळतच नाही, असंही नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्रीन टीच्या अर्काचं एक मलम जननेंद्रियांच्या बाहेरच्या भागावर येणाऱ्या, एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या चामखिळींसाठी मंजूर केलं. ते नेमकं कसं काम करतं, हे तेव्हाही स्पष्ट नव्हतं. अर्काचं मलम लावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या चामखिळी गेल्या आणि अर्क नसलेलं नुसतंच मलम लावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या, हे मोजून ती मंजुरी मिळाली.