कंपालातल्या मुलांच्या जबड्यातली गाठ

१९५७ साली युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी आपले सहकारी, आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. त्याचा वरचा आणि खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजला होता. जंतुसंसर्ग असा चारही ठिकाणी एकदम होत नाही. पुढे काही आठवड्यांतच युगांडातल्याच जिंजा गावच्या रुग्णालयात बर्किटना तशाच चेहऱ्याचं दुसरं मूल दिसलं. त्याच्या पोटातही गाठी होत्या. मग त्यांनी जुने कागद काढले. जबड्याची, मूत्रपिंडाची, यकृताची म्हणून वेगवेगळ्या नावांनी नोंदलेल्या कितीतरी गाठी प्रत्यक्षात एकाच कर्करोगाच्या होत्या. आज तो ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणून ओळखला जातो.

हा रोग कुठे होतो हे पाहण्यासाठी १९६१ मध्ये बर्किट दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या फोर्ड गाडीतून निघाले आणि दहा हजार मैल फिरून वाटेतल्या रुग्णालयांत विचारपूस करत गेले. मला या सगळ्या कथेत हा प्रवास सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यांच्यापाशी यंत्रं नव्हती, फक्त नेमके प्रश्न होते. उत्तर नकाशावरच उमटलं: उष्ण, पावसाळी, सखल भागात रोग होता, उंच, थंड डोंगराळ भागात नव्हता. डासांचा मुलूख तोच रोगाचा मुलूख. तेव्हा डास एखादा विषाणू पसरवत असावा, असा त्यांचा तर्क होता.

विषाणू खरंच सापडला, पण तो डासातून येत नाही. बर्किटचं लंडनमधलं व्याख्यान ऐकून संशोधक अँथनी एप्स्टाइन यांनी कंपालाहून गाठींचे तुकडे मागवले आणि १९६४ मध्ये बर्ट अचाँग व इव्होन बार यांच्यासह त्या पेशींतला विषाणू दाखवून दिला. हा एप्स्टाइन-बार विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातल्या बहुतेक माणसांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो, बहुधा तुमच्या-माझ्याही. मग कर्करोग तिथल्याच मुलांना का? डासाचा संबंध इथे येतो, हिवतापातून. फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, वारंवार झाला की विषाणू वस्तीला असलेल्या बी-पेशी (रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) सतत विभागत राहतात आणि त्यांच्यावरचा टी-पेशींचा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचा, पहारा सैल पडतो. या धांदलीत कधीतरी आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुधा चौदाव्याला चिकटतो. त्या तुकड्यावरचं, पेशींना वाढायला लावणारं ‘मिक’ नावाचं जनुक मग थांबेचना, आणि पेशी वाढतच जातात.

ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मात्र भराभर विभागणाऱ्या पेशींवरच केमोथेरपीचा घाव सर्वांत खोल बसतो. मुलागोत तेव्हा रेडिओथेरपी नव्हती, म्हणून बर्किटनी औषधं देऊन पाहिली. सायक्लोफॉस्फमाइडच्या मोजक्या डोसांनी गाठी वितळल्या आणि काही मुलं कायमची बरी झाली. गाठ फार मोठी असेल तर मात्र धोका असतो: एकाच वेळी मेलेल्या पेशींतून पोटॅशियम आणि युरिक अॅसिड रक्तात उतरतं व मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यामुळे आधीपासून भरपूर सलाईन आणि रोज रक्ताची तपासणी लागते.

जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्केसुद्धा नाही. निदान उशिरा होतं, औषध मध्येच संपतं. अनेकदा तर गाठ ओसरलेली पाहून आईबाप मुलाला घरी नेतात. गावी इतर लेकरं असतात, शेत असतं, परतीच्या भाड्याला पैसे नसतात. त्यांना बेजबाबदार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मलावीत ब्लँटायरच्या सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी सायक्लोफॉस्फमाइड याच जुन्या, स्वस्त औषधावर बेतलेले छोटे उपचार वापरले आणि त्यांतून जवळपास निम्मी मुलं बरी झाली. अशा ठिकाणी पालकांचं जेवण, राहणं आणि बसभाडं हेही औषधाइतकंच उपचाराचा भाग धरावं लागतं.