रॉयल अल्बट्रॉसचा विणीचा हंगाम, तायारोआ हेड

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर ड्युनेडिन शहराजवळ ओटागो द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या टोकावरील भूशिराला तायारोआ हेड म्हणतात, माओरी या न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत पुकेकुरा. या भूशिरावर उत्तरी रॉयल अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी (माओरी नाव तोरोआ) दर वर्षी अंडी घालतात आणि पिल्ले वाढवतात. रॉयल अल्बट्रॉस एरवी दुर्गम बेटांवरच वीण करतो. मुख्य भूमीवरील त्याची ही एकमेव वसाहत आहे. १९३० च्या दशकापासून येथील पक्ष्यांवर लक्ष ठेवले जात असल्याने एकेका जोडीचा उबवणीपासून पिल्लू उडेपर्यंतचा प्रवास इथे जितक्या जवळून नोंदला गेला आहे, तितका क्वचितच दुसरीकडे गेला असेल. मात्र हा हंगाम पूर्णपणे निसर्गाच्या हवाली सोडलेला नाही. जवळजवळ प्रत्येक घरट्याला कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर माणसाचा हात लागतो, आणि ते ध्यानात घेतले नाही तर इथे दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ चुकीचा लागतो.

पूर्वपीठिका

या भूशिरावर माओरींची तटबंदी असलेली वस्ती होती. १८६४ मध्ये येथे दीपगृह बांधले गेले आणि १८८० च्या दशकात रशियन आक्रमणाच्या भीतीने तोफा बसवण्यात आल्या. या वावरात झाडी साफ होऊन वाऱ्याला उघडा, गवताळ उतार तयार झाला. जड शरीराच्या आणि लांब पंखांच्या पक्ष्याला उतरायला व उडायला अशीच जागा लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अल्बट्रॉस येथे येऊ लागले आणि १९२० च्या सुमारास पहिले अंडे आढळले. त्यानंतरची बरीच वर्षे वाया गेली. अंडी माणसांनी उचलून नेली. त्यातून वाचलेली कुत्र्यांनी आणि इतर प्राण्यांनी संपवली.

हे चित्र लान्स रिचडेल या ड्युनेडिनमधील शिक्षकाने पालटले. १९३६ पासून त्यांनी या घरट्यांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात ते भूशिरावर तळ ठोकून पिल्लाची राखण करत राहिले आणि १९३८ मध्ये या वसाहतीतले पहिले पिल्लू उडून गेले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांची वैयक्तिक नोंद ठेवण्याची पद्धतही त्यांनीच रुजवली. त्यांनी १९३७ मध्ये कडे घातलेली एक मादी पाच दशकांनंतरही वीण करत होती. ‘ग्रँडमा’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. कडे घालताना ती आधीच प्रौढ होती, त्यामुळे तिचे वय साठीच्या पुढे गेले असल्याचे मानले जाते. अल्बट्रॉसच्या दीर्घायुष्याचा असा पुरावा त्या काळी दुर्मीळ होता, आणि तो एका माणसाच्या चिकाटीतून मिळाला.

जोडीचे आगमन

दक्षिण गोलार्धात वसंत लागला की, म्हणजे सप्टेंबरपासून, प्रौढ पक्षी भूशिरावर परतू लागतात. ड्युनेडिनमध्ये हंगामातला पहिला पक्षी परतला की शहरातल्या घंटा वाजवण्याची प्रथा आहे. नर सहसा आधी येतो. जोडी बहुधा आयुष्यभर टिकते, पण विणीव्यतिरिक्तच्या काळात नर आणि मादी समुद्रावर आपापल्या वाटेने हिंडतात. महिनोन्‌महिने एकमेकांना न दिसलेले हे दोघे त्याच उतारावर, काही दिवसांच्या फरकाने, पुन्हा भेटतात.

घरटे म्हणजे गवत आणि माती ओढून केलेला उथळ वाडगा. बसलेला पक्षी मान लांब करून आजूबाजूचे गवत चोचीने उपटतो आणि अंगाभोवती रचत जातो, त्यामुळे घरट्याभोवती उघड्या मातीचे कडे तयार होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत मादी एकच पांढरे अंडे घालते. त्याचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या सात-आठ अंड्यांएवढे. हे अंडे फुटले वा खराब निघाले तर त्या हंगामात दुसरे घातले जात नाही. एवढ्या एका गोष्टीवर वर्षभराची मेहनत टांगलेली असते.

पक्षी ओळखण्यासाठी प्रत्येकाच्या पायात रंगीत कडी असतात आणि रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडते. नारिंगी, हिरवे आणि काळे कडे असलेला पक्षी ‘ओजीके’ आणि पिवळे, लाल व काळे असलेला ‘वायआरके’. काळ्यासाठी ‘के’ वापरतात. कोरड्या वाटणाऱ्या या अक्षरांमुळेच कोण कोणाची जोडीदार, कोण कुठे जन्मला आणि किती पिल्ले वाढवली हे वर्षानुवर्षे सांगता येते.

उबवण

उबवणीचा काळ सुमारे ७९ दिवसांचा, म्हणजे अकरा आठवड्यांहून थोडा अधिक असतो. पोटाखालच्या पिसे नसलेल्या उबदार जागेत अंडे सामावून नर आणि मादी आळीपाळीने बसतात. एकाची पाळी चालू असताना दुसरा समुद्रात, बहुधा खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेवर, स्क्विड (माकूल) आणि मासे शोधत असतो. पाळी काही दिवसांची असते, कधी आठवड्याहूनही लांबते. बसलेला पक्षी या काळात काही खात नाही आणि घरटे सोडत नाही. ऊन, पाऊस, दक्षिणेकडून येणारा झोंबरा वारा, सारे तो एकाच जागी सोसतो.

हंगाम पाहणाऱ्यांना सर्वांत भावणारा क्षण पाळी बदलण्याचा असतो. परतलेला पक्षी उतारावर दाणकन उतरतो (२०२१ मध्ये उतरताना तोल जाऊन तोंडघशी पडलेल्या एका अल्बट्रॉसचे कॅमेऱ्यातले दृश्य जगभर पसरले होते). मग मान खाली घालून, डुलत डुलत घरट्याकडे येतो. दोघे एकमेकांच्या मानेची आणि डोक्याची पिसे चोचीने विंचरतात. पण बसलेला पक्षी लगेच उठतोच असे नाही. कित्येकदा आलेल्याला शेजारी बसून वाट पाहावी लागते, हलके हलके अंगाने रेटावे लागते. अखेर तो उठतो आणि काही क्षण अंडे उघडे पडते. या क्षणांतच ते धड आहे की नाही हे कळते. आलेला पक्षी पाय जपून ठेवत वर चढतो, अंडे पायांमध्ये घेतो आणि दोन्ही बाजूंना हलून नीट बसतो. मोकळा झालेला पक्षी बऱ्याचदा लगेच उडून जात नाही. घरट्याजवळ उभा राहून गवताच्या काड्या उचलतो आणि घरट्याकडे टाकत राहतो. वारा मिळाला की उतारावरून पंख पसरून निघतो. सुमारे तीन मीटर पसाऱ्याचे ते पंख वाऱ्याविना निरुपयोगीच असतात. शांत हवेच्या दिवशी तो तासन्‌तास खोळंबतो.

जोडीदार ठरल्या वेळेला आला नाही तर बसलेला पक्षी आधी बराच काळ तग धरतो, पण शेवटी भुकेने त्याला अंडे सोडावे लागते. अशा घरट्यांची रेंजर दररोज पाहणी करतात. न्यूझीलंडच्या संवर्धन विभागाचे हे कर्मचारी हंगामाच्या सुरुवातीला अंडी प्रकाशासमोर धरून ती फलित आहेत का हे तपासतात. अंडे निकामी निघाले तरी जोडीखालचे घरटे रिकामे ठेवत नाहीत. तिथे नकली अंडे ठेवतात, म्हणजे जोडी बसून राहते आणि दुसरीकडचे अनाथ अंडे वा पिल्लू तिला देता येते. पालक ते आपले म्हणून सांभाळतात. जैविक आई-बाप आणि वाढवणारे आई-बाप वेगळे असलेली पिल्ले या वसाहतीत त्यामुळे नवलाची नाहीत.

अंडे फुटताना

जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत पिल्ले बाहेर पडतात. चोचीच्या टोकावरच्या छोट्या टणक उंचवट्याने पिल्लू कवचाला आतून टोचत राहते. आधी कवचावर ताऱ्यासारखा तडा दिसतो, मग बारीक भोक पडते. पूर्ण बाहेर यायला तीन-चार दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. आतून येणारा पिल्लाचा आवाज बसलेल्या पक्ष्याला ऐकू येतो आणि तोही खाली मान घालून अंड्याशी बोलतो. या काळात पालक बैठक मोडून पुन्हा पुन्हा उठतात, खाली पाहतात.

हेच दिवस सर्वांत धोक्याचे. तडकलेल्या अंड्याच्या ओलसर वासाने माश्या येतात आणि भोकापाशी अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या पिल्लाला बाहेर पडण्याआधीच जिवंतपणी खाऊ शकतात. म्हणून तायारोआ हेडवर तडा गेलेली अंडी बहुधा काढून इन्क्युबेटरमध्ये नेली जातात आणि पालकांखाली नकली अंडे ठेवले जाते. पिल्लू सुरक्षित बाहेर आले, कोरडे झाले की साधारण चोवीस तासांत ते परत ठेवले जाते. पालक लगेच ओळख पटवतात. उन्हाच्या कडाक्यात बसलेल्या पक्ष्यांनाही त्रास होतो, कारण हे शरीर थंड हवेसाठी घडलेले आहे. अशा दिवशी घरट्यांजवळ फवारे लावून पाणी शिंपडले जाते. या सेवेवाचून आज जे यश दिसते ते दिसले नसते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

बाहेर आलेल्या पिल्लाला बारीक पांढरी लव असते आणि मान धरणे त्याला जमत नाही. पहिले पाच-सहा आठवडे एक पालक सतत जवळ असतो, दुसरा समुद्रातून अन्न आणतो. पोटात साठवलेले तेल आणि अर्धवट पचलेले स्क्विड-मासे ते पिल्लाला भरवतात. पिल्लू आपली चोच पालकाच्या चोचीत आडवी घालून ते घेते. त्यानंतर पिल्लू एकटे राहते. दोन्ही पालक समुद्रावर जातात आणि अधूनमधून येऊन भरवतात. एकटे राहिलेले पिल्लू अनोळखी कोणी आले की चोच कडकडवते. घरट्याभोवती हिंडू लागले की ते स्वतःही गवत ओढून जवळपास लहान लहान घरटी करू लागते.

रेंजर ठरावीक दिवसांनी पिल्लांचे वजन करतात. वाढीच्या मधल्या टप्प्यात पिल्लू आई-बापापेक्षाही जड होते आणि उडण्याआधी हे वजन उतरते. वजन अपेक्षेपेक्षा कमी असेल तर त्याला हाताने खाऊ घातले जाते. २०२२ च्या हंगामात थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यासमोर ओजीके आणि वायआरके ही जोडी होती. पिल्लू वाढत असताना ओजीके समुद्रावरून परतला नाही आणि पुढेही दिसला नाही. वायआरकेने एकटीने पिल्लू वाढवले, त्याला रेंजरांनी दिलेल्या खाद्याची जोड होती. राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्यारोहणाच्या सत्तराव्या वर्षानिमित्त या पिल्लाचे नाव लिलिबेट ठेवले गेले. माशांसाठी सोडलेल्या लांब दोरीच्या गळांना आणि जाळ्यांना अडकून अल्बट्रॉस मरतात ही गोष्ट आकडेवारीत वाचलेली असते. एका घरट्याला महिनोन्‌महिने पाहणाऱ्याला मात्र न आलेला पक्षी आधी रिकाम्या आभाळात जाणवतो. मृत्यूचे कारण यातून सिद्ध होत नाही, पण समुद्रावरच्या धोक्याकडे लक्ष जाते.

पिल्लू सुमारे आठ महिन्यांचे झाल्यावर, सप्टेंबरच्या आसपास, चांगला वारा मिळालेल्या दिवशी पंख पसरून उडते. पुढची काही वर्षे त्याचा जमिनीशी संबंध नसतो. हे पक्षी दक्षिण महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात जातात. काही वर्षांनी ते जन्मस्थळी परतू लागतात आणि प्रत्यक्ष वीण त्यानंतर आणखी काही वर्षांनी होते.

थेट प्रक्षेपण

२०१६ पासून संवर्धन विभाग दर वर्षी एका घरट्यावर कॅमेरा लावून चोवीस तासांचे थेट प्रक्षेपण करतो. त्याचे नाव ‘रॉयल कॅम’. २०१९ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा यात सहभागी आहे. रात्री अवरक्त प्रकाशात दृश्य दिसते. अनेक पाळ्या रात्री बदलतात आणि तरुण, अजून जोडी न जमलेले पक्षीही घरट्यांभोवती येऊन माना उंच करून आरोळ्या देतात, त्यामुळे हे उपयोगाचे ठरते. २०१६ च्या पिल्लाचे नाव मोआना होते. पाहणाऱ्यांत असंख्य पक्षीप्रेमी आहेत, पण कित्येक जण निव्वळ एका जोडीच्या काळजीने रोज डोकावतात.

व्याप्ती आणि मर्यादा

उत्तरी रॉयल अल्बट्रॉसची जवळजवळ सर्व वीण न्यूझीलंडच्या पूर्वेकडील चॅटम बेटांजवळच्या काही खडकाळ बेटांवर होते. सिस्टर्स आणि फोर्टी-फोर्स ही त्यांची नावे. तायारोआ हेडचा वाटा फार तर शेकडा एक असतो. अलीकडच्या चांगल्या हंगामात येथून तीसच्या आसपास पिल्ले उडतात. १९८५ मधील वादळाने सिस्टर्स आणि फोर्टी-फोर्सवरील माती आणि वनस्पती खरवडून नेली. घरट्यासाठी साहित्यच उरले नाही, अंडी उघड्या खडकावर घातली गेली आणि फुटू लागली. तिथे रेंजर नाहीत, नकली अंडी नाहीत, फवारे नाहीत. उबवणीच्या पाळ्यांचे, पिल्लांच्या वजनाचे, जोड्यांच्या निष्ठेचे आपले ज्ञान बरेचसे तायारोआ हेडवरून आलेले आहे आणि तेथील प्रत्येक नोंद माणसाच्या मदतीतून गेलेली आहे. चॅटमच्या खडकांवरचे वीणयश या नोंदींवरून काढणे धोक्याचे ठरते. जातीची नोंद आज ‘धोक्यात असलेली’ अशी आहे आणि तिचे भवितव्य मुख्यतः त्या खडकांवरच ठरेल.

ज्या जोडीचे पिल्लू यशस्वी उडाले ती पुढचे वर्ष समुद्रावर विश्रांती घेते आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा वीण करते. पिल्लू गमावलेली जोडी मात्र पुढच्याच वर्षी परतू शकते. त्यामुळे कॅमेऱ्यासमोरचे घरटे दर वर्षी नव्याने निवडावे लागते आणि एकाच जोडीचा माग ठेवणाऱ्याला तिची पुढची वीण पाहण्यासाठी एक संपूर्ण हंगाम मध्ये जाऊ द्यावा लागतो.