माहुलीच्या घाटावरची पाण्याखालची पायरी

हिवाळ्यात कृष्णेचं पाणी निवळलं की संगम माहुलीच्या घाटावर उभं राहून खाली बघावं. पाण्यातली पायरी हाताशी आल्यासारखी वाटते. पाय टाकला, की अंदाजापेक्षा खोल जातो आणि तोल सुटतो. चार फूट खोल पायरी सरळ वरून पाहिली तरी तीन फुटांवरच दिसते, तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. पोहायला न येणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

असं होतं कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, आणि वळतो तो वेग बदलल्यामुळे. हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख. पण वेग बदलला म्हणून दिशा का बदलावी? लोणंद-फलटण रस्त्यावरची दिंडी आठवा. हातात हात धरलेली वारकऱ्यांची आडवी ओळ तिरकी चिखलात शिरली, तर ज्याचा पाय आधी रुततो तो मंदावतो, दुसऱ्या टोकाचा अजून कोरड्यावर झपाझप चालत असतो. सगळी ओळच वळते. ओळ सरळ समोरून शिरली तर सगळे एकदम मंदावतात, वळण पडत नाही. प्रकाशाच्या लाटेचंही हेच. पायरीवरून येणारा प्रकाश बाहेर पडताना वेग घेतो आणि वळतो. डोळ्याला ते वळण कळत नाही. प्रकाश सरळच आला असं धरून तो पायरी वर उचलतो.

सगळा प्रकाश सीमा ओलांडतो असंही नाही. पायाशी सरळ बघाल तर पाण्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम 2 टक्के परत फिरतो, म्हणून तळ दिसतो. नजर जितकी तिरकी, तितकं परावर्तन जास्त. म्हणूनच दूरच्या पाण्यात तळ नाही, पलीकडच्या काठाचं प्रतिबिंब दिसतं. पाण्यातून बाहेर येताना तर उभ्या रेषेपासून सुमारे 49 अंशांपलीकडे तिरका असलेला प्रकाश बाहेर पडतच नाही, सगळा आत परततो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश कोंडला जातो तो याच गुणामुळे.

काचेची प्रत्येक बाजू साधारण 4 टक्के परतवते. रात्रीच्या सातारा-सांगली एसटीत खिडकीत आपला चेहरा दिसतो, तो त्याच प्रकाशाचा. दिवसाही तो तिथे असतोच, बाहेरच्या उजेडात लोपतो. घरी जाड काचेसमोर मोबाईलची टॉर्च जरा तिरकी धरून बघा. दोन ठिपके दिसतील, जवळजवळ सारखेच उजळ. एक काचेच्या अलीकडच्या बाजूचा, दुसरा पलीकडच्या.