पगाराचा तक्ता आणि टूथब्रशचा कारखाना

आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी तो तक्ता फिरतो. अमेरिकेत कुठल्या देशाचे लोक किती कमावतात त्याचा. सगळ्यात वर भारतीय, मग बाकीचे. काका लोक पटापट अंगठे टाकतात, तिकडची मावसबहीण एक स्मायली टाकते आणि विषय संपतो. यावेळी म्हटलं जरा खालून वर वाचून बघू. तर तळाशी कोण, बर्मी लोक. ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) म्हटलं की आपल्याला मंडालेचा तुरुंग आणि टिळक आठवतात, फार तर रत्नागिरीचा थिबा पॅलेस, पण तिथले लोक अमेरिकेत जाऊन काय करतात हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग शोधत बसलो, आणि तुलनेला म्हणून मुद्दाम ऑस्ट्रियावाले घेतले, कारण ते तक्त्यात चांगलेच वर असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलतही नाही.

आधी आकडे सांगून टाकतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेनं २०१९ चा डेटा घेऊन हिशोब मांडला होता, त्यात बर्मी घराची मेडियन कमाई वर्षाला ४४,४०० डॉलर निघाली. मेडियन म्हणजे सगळी घरं कमाईच्या क्रमानं रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या घराची कमाई, त्यामुळे एखाददुसऱ्या अब्जाधीशामुळे ती फुगत नाही. त्याच वर्षी सगळ्या आशियाई घरांची मेडियन ८५,८०० होती, भारतीयांची १,१९,००० आणि अख्ख्या अमेरिकेची ६५,७०० च्या आसपास. बर्मींमध्ये चारातला एक माणूस गरिबीरेषेखाली. ऑस्ट्रियन वंशाची घरं अमेरिकेच्या मेडियनच्या बरीच वर. झाली तुलना? काका असते तर म्हणाले असते, झाली.

पण त्याच प्यूच्या डेटात अजून एक आकडा आहे, माझ्या मते कमाईच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका. २००० साली अमेरिकेत बर्मी लोक होते सुमारे १७,०००. २०१९ मध्ये १,८९,०००. म्हणजे एकोणीस वर्षांत अकरा पट! म्हणजे तक्त्यातलं ते "बर्मी घर" हे बहुतेक वेळा काल-परवा आलेलं घर आहे.

आणि आलं कुठून? बर्मी लोक अमेरिकेत साधारण तीन खेपांत आले. १९६२ मध्ये ने विन नावाच्या लष्करी सेनापतीनं सत्ता बळकावली, दुकानं-कंपन्या सरकारजमा झाल्या, तेव्हा शिकलेसवरलेले, डॉक्टर-इंजिनिअर, बरेचसे चिनी वंशाचे बर्मी हळूहळू बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ कॅलिफोर्नियात गेले. दुसरी खेप १९८८ च्या उठावानंतरची, विद्यार्थी वगैरे. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, २००६-०७ पासूनची, ती रिफ्युजींची. कॅरेन, कॅरेनी, चिन (चीनशी संबंध नाही), नंतर रोहिंग्या, हे सगळे ब्रह्मदेशातलेच वेगवेगळे समाज. यातले कॅरेन लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत राहत होते आणि त्या छावण्या १९८४ पासूनच्या, म्हणजे तिथे जन्मून तिथेच लग्न झालेली माणसं त्यात आहेत. छावणीबाहेर जाऊन काम करायला तेव्हा कायद्यानं बंदी होती. तर विमानात बसताना यांच्या बायोडेटात लिहायला काय असणार?

आणि विमानाचं तिकीटही फुकट नव्हतं बरं का. हे मला माहीतच नव्हतं. यांना रिफ्युजी म्हणून अमेरिकेत नेलं तेव्हा तिकिटाचे पैसे कर्जाऊ मिळायचे, बिनव्याजी, पण निघायच्या आधी कागदावर सही करायची आणि पोचल्यावर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू. सहा जणांचं कुटुंब असेल तर सहा तिकिटांचं कर्ज. उतरल्यावर पहिल्या एक ते तीन महिन्यांचा घरभाडं-भांडीकुंडी असा खर्च रिफ्युजींना वसवणाऱ्या संस्थेमार्फत व्हायचा, पुढे तुमचं तुम्ही. इंग्रजी नाही, डिग्री नाही, डोक्यावर हप्ता, तर पटकन मिळणारं काम कुठलं, तर मांस कापायचा कारखाना. आयोवासारख्या राज्यांत ही कामं आहेत. आत फ्रिजसारखी थंडी, समोरून पट्टा सरकत असतो, हातात सुरी, आणि अख्खी शिफ्ट तोच एक काप, पुन्हा तोच. बोलायचं काही नसतं म्हणून भाषा आडवी येत नाही, आणि पगार सुरुवातीच्या मानानं बरा असतो.

आता ऑस्ट्रियन. इथे मला वाटलेलं सोपं असेल, पण नाही, इथेच खरी गंमत आहे.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर एक सर्व्हे जातो, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. त्यात एक प्रश्न असतो, तुमचं मूळ कुठलं? मोकळी जागा असते, तिथे माणूस जे लिहील ते त्याचं मूळ. पासपोर्ट कुणी बघत नाही. तर ऑस्ट्रियन असं लिहिणारे लाखांत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा जन्म अमेरिकेतलाच, आलेले होते ते आजे-पणजे. १९०१ ते १९१० या दहा वर्षांत ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातून २० लाखांवर लोक अमेरिकेत उतरले. पण ते साम्राज्य म्हणजे आजचा ऑस्ट्रिया नव्हे, त्यात पोलिश, स्लोव्हाक, क्रोएशियन, युक्रेनी, ज्यू सगळे. गॅलिशिया नावाचा एक गरीब प्रांत होता, आता अर्धा पोलंडमध्ये अर्धा युक्रेनमध्ये. तिथून १९०७ साली निघालेला शेतमजूर कागदोपत्री ऑस्ट्रियाचा प्रजाजन, पण त्याचा पणतू आज फॉर्मवर पोलिश नाहीतर युक्रेनियन लिहितो. उलट बुर्गेनलांड म्हणून भाग आहे, तिथून खूप लोक शिकागोला गेले, तो भाग १९२१ पर्यंत हंगेरीकडे होता. म्हणजे तिथला माणूस १९०७ ला निघाला तर हंगेरियन, आणि पणतू लिहितो ऑस्ट्रियन! जो ऑस्ट्रियन होता तो मोजणीतून गेला आणि जो नव्हता तो आला. त्यामुळे "ऑस्ट्रियन समाज" हा गट आलेल्यांनी बनवलेला नाही, शंभर वर्षांनी आठवण ठेवणाऱ्यांनी बनवलाय.

त्यात अजून एक गट आहे. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुमारे ३०,००० ऑस्ट्रियन ज्यू अमेरिकेत पोचले. हेही रिफ्युजीच की. त्यातलं एक घर बघू. व्हिएन्नात एका माणसाचं खेळण्यांचं दुकान होतं. नाव हर्मान कँडेल, जन्म गॅलिशियाचाच. १९३९ मध्ये सगळं सोडून ब्रुकलिनला आला आणि तिथे त्याला काम मिळालं टूथब्रशच्या कारखान्यात. काम आवडायचं नाही पण केलं, मग पैसे साठवून कपड्यांचं छोटं दुकान घेतलं. धाकटा मुलगा आला तेव्हा नऊ वर्षांचा. तो हार्वर्डला गेला, मेंदूत आठवण कशी साठते यावर त्यानं गोगलगायीच्या जातीच्या एका समुद्री प्राण्यावर काम केलं आणि २००० साली त्याला नोबेल मिळालं. एरिक कँडेल.

आता १९४० साली कुणी तक्ता केला असता तर हे घर टूथब्रशच्या कारखान्यातल्या पगारावर मोजलं गेलं असतं. आज आपण बर्मी घर नेमकं त्याच टप्प्यावर मोजतोय, आणि ऑस्ट्रियन घर मोजतोय ते नातू-पणतू झाल्यावर. शाळेच्या पहिल्या आठवड्याची आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मार्कशीट शेजारी ठेवल्यासारखं आहे हे.

आणि बर्मी लोक उशिरा आले ते काही आळसानं नव्हे. १९१७ च्या कायद्यानं अमेरिकेनं आशियाचा एक मोठा पट्टाच बंद करून टाकला होता, ब्रिटिश हिंदुस्थान आणि त्यात असलेला ब्रह्मदेश त्यात आलाच. १९२४ च्या कायद्यात ऑस्ट्रियाला वर्षाला फक्त ७८५ चा कोटा होता, फारच कमी, पण निदान दार किलकिलं होतं. ही राष्ट्रवार कोट्याची पद्धत गेली ती १९६५ च्या कायद्यानं. आपले लोक तक्त्यात वर आहेत तेही याच कायद्याच्या पोटातून, कारण त्यानं आणि नंतरच्या व्हिसांनी शिकलेल्यांना चाळून घेतलं. चाळणीतून निवडलेले दाणे मोठे निघाले तर त्यात शेताचं कौतुक किती करायचं! (हे काकांना सांगायची माझी हिंमत नाही.)

बरं, आता घर हा शब्द घ्या. तक्त्यात घराची कमाई असते. समजा एक बर्मी घर आहे, सहा माणसं, तिघं कमावतात, मिळून ६०,००० डॉलर. दुसरं ऑस्ट्रियन वंशाचं म्हातारं जोडपं, पेन्शन धरून तेही ६०,०००. तक्त्यात दोन्ही सारखी. माणशी काढा, १०,००० आणि ३०,०००. पण तेही पूर्ण बरोबर नाही, कारण सहा माणसांना सहा फ्रिज लागत नाहीत, म्हणून अर्थशास्त्रज्ञ बऱ्याचदा माणसांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागतात. सहाचं वर्गमूळ सुमारे २.४५, दोनाचं १.४१. मग येतात २४,५०० आणि ४२,४००. एकाच कमाईची तीन उत्तरं झाली, आणि अजून आपण भाडं बघितलंच नाही, कॅलिफोर्नियातले ६० हजार आणि इंडियानातले ६० हजार यात फार फरक आहे.

मग प्रश्न येतो की नवे लोक वेळ गेला की वर येतात का. यावर एक जुना वाद आहे. १९७८ मध्ये बॅरी चिझविक या अर्थशास्त्रज्ञानं १९७० च्या जनगणनेवरून दाखवलं की स्थलांतरित पुरुष सुरुवातीला कमी कमावतात पण १० ते १५ वर्षांत स्थानिकांना गाठतात, पुढे मागेही टाकतात. सगळे खूष. १९८५ मध्ये दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास म्हणाले, थांबा. तुम्ही एकाच वर्षाचा फोटो काढलाय, त्यात नवा आलेला आणि तीस वर्षांपूर्वी आलेला ही दोन वेगळी माणसं आहेत, नवा माणूस तीस वर्षांनी जुन्यासारखाच होईल कशावरून? बर्मींवर लावून बघा की लगेच पटतं. सत्तरच्या दशकात आलेला रंगूनचा डॉक्टर आज श्रीमंत आहे आणि २०१० ला छावणीतून आलेला कॅरेन शेतकरी गरीब आहे, त्यावरून "चाळीस वर्षं राहिलं की श्रीमंत होतो" असं काढलं तर चूक, कारण तो डॉक्टर विमानातून उतरतानाच डॉक्टर होता. खरं कळायचं तर तीच माणसं, तीच घरं वर्षानुवर्षं धरून ठेवायला लागतात.

ते काम पुढे रॅन अब्रामित्स्की, लिआ बूस्टन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. जुन्या जनगणनेची पानं घेऊन बापाचं नाव आणि पुढच्या मोजणीत मोठ्या झालेल्या मुलाचं नाव कॉम्प्युटरनं जुळवत लाखो बाप-लेकांच्या जोड्या लावल्या. २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या पेपरात असं निघालं की गरीब स्थलांतरितांची मुलं तितक्याच गरीब अमेरिकन बापाच्या मुलांपेक्षा जास्त वर चढतात, आणि हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं, आताही आहे, आणि जवळपास प्रत्येक देशाबाबत. कारण काय? मला वाटलेलं मेहनत, संस्कार वगैरे निघेल. तर मोठा वाटा निघाला जागेचा. आईबाप मुळात अशा ठिकाणी जाऊन राहतात जिथे मुलांना वर चढायला वाव आहे.

या जागेनं एकदा भल्याभल्यांना फसवलंही होतं. १९५० मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञानं १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. राज्यवार बघितलं तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षर कमी, संबंध चांगला ठसठशीत, उणे ०.५३ (हे माप उणे एक ते अधिक एक असतं, उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं). म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? माणूस-माणूस मोजला तर उलटं, अधिक ०.१२, म्हणजे परदेशातून आलेल्यांतच निरक्षर थोडे जास्त. झालं होतं एवढंच की ते लोक जाऊन राहिले होते शिकलेल्या राज्यांत. आजही कुणी बर्मी वस्ती असलेल्या भागांची सरासरी कमाई घेऊन ती बर्मींच्या नावावर लिहिली तर कॅलिफोर्नियाच्या शेजाऱ्यांचे पगार त्यात येतील आणि बर्मी एकदम तक्त्यात वर दिसतील. त्यामुळे तक्ता बघितला की आधी विचारायचं, माणूस मोजलाय की मोहल्ला?

रिफ्युजींना मात्र जागा सहसा निवडता आली नाही, पहिलं शहर संस्थेनं ठरवलं. पण ते तिथे थांबत नाहीत. नातेवाईक, चर्च, काम जिथे असेल तिकडे दुसऱ्यांदा सामान बांधतात. कॅरेन लोक मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलला जमले, आणि इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात तर चिन लोकांची एवढी वस्ती झाली की लोक गमतीनं चिंडियानापोलिस म्हणतात. तिथल्या शाळांत चिन मुलं मोठ्या संख्येनं आहेत. अशा घरात धड इंग्रजी वाचणारं पहिलं माणूस म्हणजे बऱ्याचदा सातवी-आठवीतलं पोरगं. विजेचं बिल, डॉक्टरचा कागद, तिकिटाच्या हप्त्याचं पत्र, सगळं तेच वाचून दाखवतं. उद्या सर्व्हेचा फॉर्म आला तर तोही त्याच्याच समोर येणार, आणि मूळ कुठलं या रिकाम्या जागेत चिन लिहायचं की बर्मी, हे आईला विचारून ठरवावं लागणार, कारण ज्या देशाच्या सैन्यापासून पळून आलो त्याचं नाव तिथे लिहायला आई तयार होईलच असं नाही.