रेपो उतरला, हप्ता तोच का?

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की दुपारपासून गृहकर्जाचा सल्ला देणाऱ्या आमच्यासारख्यांचा फोन थांबत नाही. प्रश्न एकच: "दर उतरला ना, मग माझा हप्ता तेवढाच कसा?" २०२५ मध्ये तर हे चारदा झालं. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो; वर्षाच्या सुरुवातीला साडेसहा टक्के असलेला हा दर डिसेंबरात सव्वापाचवर आला. म्हणून आता एकदाचं छापूनच ठेवलंय.

आधी कर्ज कधीचं आणि कुणाचं, ते बघा. बँकेनं १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज बहुतेक ठिकाणी रेपोला बांधलेलं असतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्याचा दर नव्यानं लागतो. त्याआधीची कर्जं एमसीएलआरवर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेनं स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर. ती रखडत उतरतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन लागूच नाही.

आता खरी गोम. दर उतरला की बहुतेक बँका हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. कोथरूडचे एक काका मागे तावातावानं आले, कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचंच म्हणून. तिथली प्रोसेसिंग फी भरूनही झाली होती. स्टेटमेंट उघडलं तर उरलेले हप्ते कधीच कमी झालेले. फी काही परत मिळाली नाही.

हिशेब करून बघा. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता ४३,३९१ रुपये. सुरुवातीलाच दर पाव टक्का उतरला आणि हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला ७८८ रुपये वाचतात, म्हणजे पूर्ण मुदतीत १ लाख ८९ हजार. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २३० हप्त्यांत कर्ज फिटतं आणि साडेचार लाखांच्या वर वाचतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहावर गेला, तेव्हा अशीच गुपचूप मुदत लांबली होती. तेव्हा मात्र कुणाचा फोन आला नाही!

"रिझर्व्ह बँक सरकारला २ लाख ६८ हजार कोटी देते, मग आम्हालाच का नाही?" हेही विचारतात. ती रिझर्व्ह बँकेची २०२४-२५ ची शिलकी रक्कम, परदेशी रोख्यांवरचं व्याज, डॉलरविक्री वगैरेतून आलेली. कायद्यानं ती सरकारकडेच जाते, तुमच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. रेपो उतरला म्हणून सरकारचाही व्याजाचा बोजा लगेच हलका होत नाही. जुन्या रोख्यांचा दर बहुतेक ठरलेलाच असतो, स्वस्ताई मिळते ती नव्या उसनवारीला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नुसत्या व्याजासाठी पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास तरतूद होती.

तर, येताना मंजुरीपत्र आणि ताजं स्टेटमेंट आणा, व्हॉट्सॲपवरची बातमी नको. जुनं कर्ज आहे त्याच बँकेत थोडं शुल्क भरून रेपोवर घेता येतं का, हे आम्ही आधी तपासतो. हलवण्याचा विचार त्यानंतर. स्टेटमेंट वाचायचे पैसे घेतो, त्यावरून कुरबूर होते. पण बँकेकडून कमिशन घेत नाही, म्हणूनच "हलवू नका" असंही सांगू शकतो. धोरणाच्या दिवशी भेटी देत नाही. दोन दिवसांनी या, फोन करून.