शिंगडा, तोडा आणि टोपी : ठासणीच्या बंदुकीचे सामान आणि खानदेश

ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात, तिला आजच्यासारखे तयार काडतूस नसते. दारू, गोळी, दोन्ही घट्ट बसवायला चिंधी आणि बार पेटवायचे साधन, हे सगळे जिन्नस सुटे. शिकाऱ्याला ते अंगावर वागवावे लागत. एक बार उडाला की नळीत पुन्हा मापाने दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी, मग गजाने ठासायचे आणि शेवटी कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाजवळच्या छिद्राशी, चिमूटभर रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालायची. कवायतीतला शिपाई कागदी पुडीच्या मदतीने हे मिनिटाला दोन-तीनदा करी. सातपुड्याच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत, जखमी अस्वल तेवढा वेळ देत नाही. म्हणून शिंगडा कोणत्या खांद्यावर, गोळ्या कमरेला की पिशवीत, हा प्रश्न जिवाशी येत असे.

शिंगडा म्हणजे दारू ठेवायचे पोकळ शिंग. शिंग पाणी आत घेत नाही, त्यातून ठिणगी पडत नाही आणि ते वजनाला हलके असते. दारूचा दुष्मन ओल. त्यामुळे नदी-ओढे ओलांडणाऱ्याला शिंगासारखी वस्तू नव्हती. एका बाराला साधारण पाच-सहा ग्रॅम, म्हणजे अर्धा तोळा दारू लागे. गोळीचे वजन मात्र जास्त. बारा बोअर हे नळीचे माप, म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या, एकेक सुमारे ३८ ग्रॅमची. वीस गोळ्या घेतल्या तर पाऊण किलो शिसे कमरेला लटकले. पायी हिंडणारा माणूस थोडेच बार बरोबर घेई आणि एकेक बार जपून उडवी. मचाणावर रात्र-रात्र बसण्यामागे सबुरीइतकाच हा हिशेबही होता, असे मला वाटते.

सगळ्यात जुनी तऱ्हा तोड्याच्या बंदुकीची. सोऱ्याच्या, म्हणजे दारूतल्या मुख्य क्षाराच्या, पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, सावकाश धुमसत राही आणि घोडा दाबला की तिचे जळते टोक रंजकेवर टेके. कुंभ्याच्या झाडाच्या सालीचा वाक, म्हणजे धागाही, याच कामाला येई. कुंभा सातपुड्याच्या झाडीतला, आणि कापूस तर खानदेशच्या काळ्या मातीचाच. दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा हलक्या लाकडाचा चांगला. त्यासाठी तुरीच्या काठ्या आणि रुई आपल्याकडे वापरत. म्हणजे शिसे आणि गंधक बाजारातून आणले की बाकी बरेचसे सामान शेतात आणि रानात मिळे. या बंदुकीचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा सुटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तोड्याचे दोषही मोठे. अंधारात त्याचे टोक लाल दिसे, जनावराला धुराचा वास जाई आणि पेटती दोरी शिंगड्याच्या हातभर अंतरावर असे. भिल्लांचा तीरकमठा या सगळ्यातून मोकळा होता. रात्रीच्या रानात तो बंदुकीला हार जात नसे.

गारगोटीच्या ठिणगीने रंजक पेटवणाऱ्या बंदुकीने जळती दोरी घालवली. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, तेव्हा साहेबांच्या हातात ही बंदूक होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला अधिकारी वाघाच्या मागावर खानदेशच्या दक्षिण कडेच्या डोंगरात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले नाव आजही आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारायला सुरुवात केली. भिल्लांशी त्याची जवळीक शिकारीतून वाढली. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या उपस्थितीत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद त्याच्या सोबत्याने ठेवली आहे. आकडा वाचून आज पोटात खड्डा पडतो.

ही शिकार एका बंदुकीवर होत नसे. पुन्हा ठासायला वेळ नाही, तर त्यावर उपाय एकच: दुसरी बंदूक भरून तयार ठेवायची. ती घेऊन मागे उभा राहणारा माणूस, माग काढणारा पागी आणि हाकेवाले स्थानिकच असत, आणि खानदेशात त्यांत भिल्ल पुष्कळ. वाघ उलटला की साहेबाच्या मागे पाय रोवून भरलेली बंदूक पुढे करणे हे धैर्याचे काम होते. नोंदीत वाघ मोजले गेले, या माणसांची नावे क्वचितच आली.

याच दरम्यान बंदूक पेटवायची तऱ्हा बदलली. स्कॉटलंडमधले एक पाद्री, अलेक्झांडर फोर्सिथ, यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीत अडचण येई. रंजक भडकताच पक्षी सावध होत. त्यांनी आघाताने पेटणारा मसाला वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे १८२०च्या दशकात असाच मसाला भरलेल्या तांब्याच्या इवल्या टोप्या आल्या. टोपी ओलीत चालते, वाऱ्याने उडत नाही आणि लगेच पेटते. पण ती गावात बनत नाही. बंदूकवाला इथून कारखान्याचा आणि दुकानाचा बांधील झाला.

१८५७च्या उठावात तर काडतुसाचा, म्हणजे शिपायाच्या त्या कागदी पुडीचा, कागद दाताने फाडण्यावरूनच आग भडकली. सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यानंतर हत्यारे काढून घेणे सुरू झाले आणि १८७८चा शस्त्र कायदा आला. त्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुकीची गारगोटी, ठासायचे बोळे, टोप्या, सगळे तिच्यात बसवले. शिसे, गंधक आणि सोरा तेवढे वगळले. हत्यारांच्या यादीत धनुष्यबाणही होता. किती दारू, किती गोळ्या बाळगायच्या, हा जुना हिशेब आता परवान्याच्या कागदावर आला.

साहेबांनी १८६०नंतर मागून भरायची काडतुसाची बंदूक घेतली. ठासणीची उरली शेतकऱ्याकडे, पीक राखायला. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये आला आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. हे योग्यच झाले, असे मी मानतो. यावलचे अभयारण्य तर १९६९चेच. रानडुक्कर केळीच्या बागेत शिरले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. पीक संरक्षणाच्या जुन्या परवान्यावरची एकनळी ठासणी कुठे कुठे घरात टांगलेली असते, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. शिंगडा मात्र खुंटीवरच राहतो.