इंजिनच्या कव्हरवरचा रंग का सुटतो?

खरिपाचा हंगाम संपता संपता यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या मोटारसायकली जरा वाकून बघा. इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या कव्हरवर रंगाला फोड आलेले असतात आणि नख लावलं की खालून पांढरी भुकटी निघते. "गंज चढून राहिला ना भाऊ," मिस्त्री सांगतो. त्याचं बरोबर आहे, फक्त हा लोखंडाचा तांबडा गंज नाही.

कव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. साधारण १० ते १२ टक्के सिलिकॉन असल्यामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो. थोडं तांबंही असतं. ते ताकद देतं, पण गंजाला वाटही करून देतं. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. हा थर फोडतो तो क्लोराइड. पोटॅशची थैली टाकीवर आडवी टाकून शेतात नेली की सांडलेले दाणे ओल धरतात, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. रंगाला दगडाने कुठे टवका उडाला असेल तर हे खारट पाणी तिथून आत शिरतं आणि रंगाखालून पसरत जातं. वरून नवा रंग मारून म्हणूनच काही होत नाही. कव्हर उतरवावंच लागतं.

खरी परीक्षा बोल्टची. बोल्ट पोलादाचा, कव्हर ॲल्युमिनियमचं, मध्ये ओल: झाली छोटीशी बॅटरी तयार, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे बोल्ट आट्यांत घट्ट धरला जातो. आठच्या पान्यावर नुसता जोर केला तर डोकं तुटून हातात येतं. भोवतीचा भाग गरम केला तर फायदा होतो, कारण तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मात्र शेजारी पेट्रोलची टाकी आहे. ज्योतीपेक्षा उकळतं पाणी बरं.

क्लच साइडचं कव्हर काढण्याआधी ऑइल काढून घ्यायचं. मॅग्नेट साइडला, म्हणजे गाडीची वीज तयार होते त्या बाजूला, वेगळीच गंमत. अनेक गाड्यांत तारांची गुंडाळी कव्हरलाच बसवलेली असते, त्यामुळे सगळे बोल्ट निघाले तरी आतलं चुंबक कव्हर सोडत नाही. इथे पेचकस घालून उचकटणारे लोक जोडाच्या सपाट पृष्ठभागावर ओरखडा पाडतात आणि पुढे तिथूनच ऑइल पाझरतं. सरळ बाहेर ओढायचं, आणि निघालेलं कव्हर तारांवर लोंबकळू द्यायचं नाही.

बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवले की काम झालं. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर आवळलं जात नाही, आणि जोर केला तर केसिंगला तडा जातो.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका. त्यात ॲल्युमिनियमच विरघळतं, हायड्रोजन वायू सुटतो, आणि न विरघळलेलं सिलिकॉन-तांबं मागे राहून कव्हर काळं पडतं. रंग काढायचं रसायन किंवा पॉलिश पेपर बरा. घासून, थिनरने पुसून, लगेच एपॉक्सी किंवा एच (etch) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पकड देणारा थर, मारायचा. एच प्रायमरमधलं फॉस्फोरिक ॲसिड धातूला किंचित खातं आणि थर पकडून बसतो. जोडाचा पृष्ठभाग आणि बोल्टचं डोकं टेकतं ती जागा टेपने झाकायलाच हवी. तिथला रंग दाबाखाली हळूहळू सरकतो, आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो.

वेळ निवडणं आपल्याकडे अवघडच. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. स्प्रेचे थेंब कव्हरवर पोचण्याआधीच सुकतात आणि रंग खरखरीत होतो. किंवा वरची साय आधी धरते, आतलं थिनर नंतर बाहेर पडतं आणि बारीक फोड येतात. पावसाळ्यात उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि चमक जाऊन पांढुरकी छटा येते. माझ्या मते दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, जरा ऊन चढलं की. रंग मात्र उष्णता सोसणारा हवा.

बसवताना जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचा मोह टाळा. एकदा दबलेला कागद परत फुगत नाही. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांड्यावर सुमारे १० किलोंचा जोर. त्यापुढे गेलात तर आधी ॲल्युमिनियमचे आटे जातात. शेवटी ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि जोडाच्या कडेने कोरडं फडकं फिरवून पाहायचं.